वन्संच्या नावावरचा फ्रीज

आमच्या वन्संना गल्लीत सगळे गादीमावशी म्हणतात. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे जे माणसाच्या बुडाखाली येतं ते सगळं त्या नव्याने शिवून देतात. गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या, आणि त्या टाचण्या न काढता गिऱ्हाइकाशी भाव करायची हातोटी. पुढच्या खोलीत मशीन आणि स्पंजाचे ढीग, मागच्या दोन खोल्यांत एकटीचा संसार. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "तेव्हा ऑर्डर होती हातात. नंतर राहूनच गेलं."

या तिन्ही खोल्या भाड्याच्या. मालकाने विकायच्या ठरवल्या तेव्हा आधी वन्संना विचारलं, एवढी माणुसकी त्याने दाखवली. महिनाअखेरपर्यंत पैसे दिलेत तर तुमच्या, नाहीतर टायरवाला गोदामासाठी मागतोच आहे, असं सरळ सांगितलं. नातेवाईक हसले. या वयात, एकट्या बाईला, कोण कर्ज देणार? बँकेने दिलं. कारण वन्संनी आजवर उधारीवर जे घेतलं ते वेळेच्या आधी फेडलं होतं, मशीनसुद्धा.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी मी देवापुढे हात जोडून बसले. वन्संनी पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, पैसे मालकाच्या हातात पडेपर्यंत हात जोडलेलेच ठेव. बँकेतल्या बाईंनी त्यांना बजावलं होतं की मधल्या काळात नवं कर्ज नको, कार्ड नको, हप्त्यावर साधी इस्त्रीसुद्धा नको. पैसे सोडायच्या आधी आम्ही पुन्हा एकदा तुमचं खातं तपासणार. वन्संनी त्या दिवसापासून दोराही रोखीने आणायला सुरुवात केली.

आमचे हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. मनाने वाईट नाहीत. बहिणीच्या कर्जाची धावपळ यांनीच केली, झेरॉक्सवाल्याकडे खेटे घातले, आणि दर वेळी कागदांचा एक जोड जास्तीचा काढून आणला. असू दे, लागतो, म्हणायचे.

आमच्याकडे आणखी एक पद्धत पडून गेलेली होती. घरातलं प्रत्येक पार्सल वन्संच्या पत्त्यावर यायचं, कारण त्या दिवसभर दुकानात असतात. त्यामुळे नंबरही त्यांचाच दिलेला. पार्सलवाल्याचा ओटीपी आला की त्या मशीन न थांबवता फोन करून आकडे सांगायच्या. माझ्या चपलांपासून यांच्या औषधांपर्यंत सगळं असंच यायचं. यात काही वावगं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर त्या आठवड्यात यांनी फ्रीज आणला. दोन दारांचा, करड्या रंगाचा, माझ्याहून उंच. जुन्याचं दार मी नाडीने बांधून ठेवायची. दुकानवाल्याने तो बदल्यात उचलून नेला. पैशांचं काय विचारलं तर हे म्हणाले, बिनव्याजी हप्ता आहे, मी भरणार आहे, तू फक्त थंड पाणी पी. मी प्यायले. संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाचे आभारही मानले.

तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या, त्या चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. फ्रीजचं दार उघडलं, आतला दिवा पाहिला, दार लावलं. हे जेवत होते.

"हा कुणाच्या नावावर आहे?"

हे म्हणाले, नावाचं काय एवढं, हप्ता तर मीच भरणार.

"मी हप्त्याचं विचारलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यांच्या मोटारसायकलचे हप्ते मागे थकले होते, त्यामुळे दुकानातल्या हप्त्याच्या टेबलावर यांचं नाव टाकलं की यंत्र नकार द्यायचं. खिशात बहिणीच्या कागदांचा जास्तीचा जोड होताच. यांनी तिथूनच वन्संना फोन केला, ताई, पार्सलचा नंबर येईल तो सांग. वन्संनी टाचण्या तोंडात ठेवूनच आकडे सांगितले आणि फ्रीजचं कर्ज त्यांच्या नावावर उभं राहिलं. बँकेने शेवटची तपासणी केली तेव्हा ते समोर आलं. बाईंचा फोन आला की पैसे अडकले.

"अगं, पण तुझं तर मंजूर झालं होतं ना," हे म्हणाले. यांना खरंच वाटलं होतं की मंजुरी म्हणजे काम फत्ते. "आणि तुझं नाव स्वच्छ आहे ताई, म्हणून तर..."

"स्वच्छ आहे, कारण आजवर कुणाला त्याला पाय पुसू दिले नाहीत."

यांनी पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, मालकाला दोन-तीन महिने थांबायला सांगू, मी बोलतो. वन्सं म्हणाल्या, तू आता कुणाशीच बोलू नकोस. आणि माझ्याकडे वळून विचारलं, हा रिकामा करायला किती वेळ लागेल?

मी उठले. दूध, भाज्या, बर्फाचे साचे, सगळं ओट्यावर काढायला लागले. यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, भावाबहिणीच्या भानगडीत तू कशाला मध्ये पडतेस?

"माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे," मी म्हटलं. "म्हणजे मी मध्येच आहे."

देवाचे मानलेले आभार परत कसे घ्यायचे ते मला कळेना. ते तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संच्या सोफ्यांच्या हातगाडीवर फ्रीज चढवून आम्ही दुकानात गेलो. मॅनेजर टाय लावलेला, बोलायला गोड. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाला. वन्संनी सांगितलं की हे कर्ज मी घेतलेलंच नाही. तेव्हा त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, मावशी, तक्रार करायची तर करा, पण ती तुमच्या भावावरच जाईल. आमच्याकडे कागद आहेत, ओटीपी आहे.

वन्संचा चेहरा तेवढा एकदाच उतरलेला मी पाहिला. भावाला चौकीत पाठवणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, आणि हे त्या माणसाने बरोबर ताडलं होतं.

त्यांनी दुकानातली एक खुर्ची उचलली आणि हप्त्याच्या टेबलाला लावून बसल्या. मला दुसरी दिली. मी मनात नाम घेत बसले, दुसरं काही मला सुचतही नव्हतं.

थोड्या वेळाने एक जोडपं कपडे धुण्याचं मशीन घ्यायला आलं. पोरगा सही करणार, तेवढ्यात वन्संनी मायेने विचारलं, काय रे बाळा, घराचं कर्ज मंजूर होऊन पैसे यायचे बाकी आहेत का? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाकी होते. "मग ही सही पैसे आल्यावर कर. मशीन कुठे पळून जात नाही. माझं घर मात्र पळायला लागलंय." आणि मग सगळी हकीकत, नाव-गाव न घेता, खणखणीत आवाजात. जोडपं निघून गेलं. पुढे एक गृहस्थ टीव्हीसाठी आले, त्यांचं घराचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण गोष्ट ऐकून तेही विचारात पडले आणि उद्या येतो म्हणाले.

मॅनेजरने आधी चहा आणून दिला. मग विनवणी केली. मग म्हणाला पोलीस बोलावतो.

"बोलवा. त्यांचंही घराचं कर्ज असेल, त्यांनाही विचारते."

दुपारी त्याने वरच्या साहेबांना फोन लावला, पाठ फिरवून बराच वेळ बोलला, आणि कर्ज रद्द झाल्याचा कागद काढून दिला. आमचा जुना फ्रीज मात्र भंगारात गेला होता, तो परत मिळणार नव्हता. वन्सं माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, जाऊ दे.

बँकेतल्या बाईंनी कागद पाहिला आणि मान हलवली. रद्द झालं तरी नोंद पुसायला वेळ लागतो, पुढच्या महिन्यात नव्याने अर्ज करा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या महिन्यात त्या खोल्यांत टायर भरलेले असतील, हे वन्संनी त्यांना शांतपणे सांगितलं आणि मोठ्या साहेबांच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिपाई म्हणाला, बसा. त्या म्हणाल्या, बसून बसून लोकांच्या खुर्च्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, मी उभीच बरी. साहेब बाहेर आले तेव्हा वन्संनी कागद त्यांच्या हातात दिला.

"उधारी मी केली नाही, आणि झालेली कळल्यावर चोवीस तासांत मिटवली. अशा माणसाला तुम्ही कर्ज देणार नसाल तर कुणाला देता, ते तरी सांगा."

साहेबांनी तिथे काही कबूल केलं नाही. कागद ठेवून घेतला. पुढचे दिवस वन्संनी एक सोफा तीनदा उसवून तीनदा शिवला. मी रोज प्रार्थनेला बसले की यांच्याकडे पाठ करून बसायची. महिना संपायच्या आदल्या दिवशी फोन आला की पैसे सोडलेत.

खरेदीच्या कागदावर साक्षीदार म्हणून वन्संनी मला नेलं. हे आपणहून आले आणि कचेरीच्या दारातच उभे राहिले. बाहेर पडल्यावर म्हणाले, ताई, एका फ्रीजपायी मला परकं केलंस. वन्सं म्हणाल्या, परकं केलं असतं तर तू आत्ता चौकीत असतास. चल, भूक लागली आहे. जेवण त्यांनीच दिलं, पण झेरॉक्सचा तो जोड आधी यांच्या खिशातून काढून घेतला.

आमच्या स्वयंपाकघरात आता फ्रीज नाही. दूध दिवसातून तीनदा तापवते, भाजी रोजची रोज आणते. काल हे पाटावर बसता बसता लाडात येऊन म्हणाले, तुझ्या नावावर घेऊन टाकू का एक? तुझं नाव तर अगदी कोरं आहे.

मी पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

"कोरंच राहणार आहे," म्हटलं, "जेवा."