न धुतलेले पाय

माझ्या आयुष्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या आत्याचं. वडिलांची ही थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून तिनंच मला वाढवलं. वडील आणि ती दोघंही पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात, आमच्या बोलीत आगरात, कामाला. मी बी.ए. व्हावं हे वडिलांना मान्य होतं, पण आत्याला ते हवं होतं. रोह्याच्या कॉलेजात मी शिकायला राहिलो तेव्हा दर आठवड्याला पेणहून रोह्याला येणाऱ्या एसटीतून तिचा डबा यायचा. कंडक्टर आमच्याच गावचा होता. डब्यात जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. चटणीच्या वासावरून डबा कुणाचा ते सगळ्या स्टॅंडला कळायचं. मला तेव्हा लाज वाटायची नाही, कारण कंडक्टर आधी स्वतः एक भाकरी काढून घ्यायचा.

आत्याची एक शिस्त मात्र कडक. पाय धुतल्याशिवाय कुणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. मिठागरात काम करणाऱ्यांचे पाय घोट्यापर्यंत खाऱ्या चिखलाचे असतात. तो चिखल वाळला की त्यावर मिठाचा पांढरा थर येतो आणि लादीवर ठसे उमटतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक दाराशी पाण्याचं पिंप. वडील दमून यायचे, तरी पिंपाशी थांबावंच लागायचं. थांबले नाहीत तर आत्या आतून विचारायची, "बाबू, पाय घरी आनलेस की आगरच आनलंस?"

मला नोकरी लागली ती खाडीच्या तोंडाशी असलेल्या हायस्कूलमध्ये. ही शाळा एका जुन्या बंगल्यात भरते. इंग्रजांच्या काळात मिठावर सरकारचा ताबा होता आणि मिठागरांवर देखरेख करणारा गोरा साहेब तिथं राहायचा. स्वातंत्र्यानंतर बंगला काही वर्षं बंद होता, मग शाळेला मिळाला. पुढच्या बाजूला सात-आठ रुंद दगडी पायऱ्या, मोठा व्हरांडा, काळ्या लादीची जमीन. साहेबाच्या जेवणाच्या खोलीत माझा नववीचा वर्ग.

तोवर माझं लग्न झालं होतं आणि आम्ही रोह्याला खोली घेतली होती. बायको तिथल्या दवाखान्यात नर्स होती. मी रोज सकाळच्या गाडीनं पेणला यायचो. आत्यानं एकदा तरी शाळेत येऊन मला शिकवताना पाहावं एवढीच माझी इच्छा होती. ती दर वेळी काहीतरी सांगायची. आज भरती हाय. कोंबडी खुडूक बसलीय. गुडघं दुखतान. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून मला घाई होती. शाळा तिच्या घरापासून बांधावरून चालत जाण्याजोगी होती. एवढी जवळ असून का येत नाही, ते मला समजत नव्हतं.

त्या वर्षी नववीला दक्षिण आफ्रिकेवर धडा होता. गोऱ्यांची बाकं वेगळी, काळ्यांची वेगळी, तशी पाटीच लावलेली. दारं वेगळी, डबे वेगळे, समुद्रकिनारेसुद्धा वेगळे. त्याविरुद्ध तिथली माणसं लढत होती, तुरुंगात जात होती, आणि लढा संपलेला नव्हता. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, की सर, आपल्याकडं असं होतं का? मी पुस्तकातलं सांगितलं. साहेबांचे क्लब, रेल्वेचे राखीव डबे. तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "ते मोठ्या शहरातलं. आपल्या खाडीवर काय होतं?" मी म्हणालो, विचारून सांगतो.

रविवारी आत्या ओसरीवर बोंबील साफ करत होती. मी तिला धडा सांगितला, मुलीचा प्रश्नही सांगितला. ती बोंबील चिरत राहिली. मग म्हणाली, "पाटी कशाला लागते रं? त्या तुझ्या शाळेच्या पुढच्या पायऱ्या हायत ना, त्या साहेबाच्या. आम्ही मागल्या दारानं."

मग तिनं जे सांगितलं ते असं. देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली तेव्हा आमच्या खाडीवरही लोकांनी खडकातलं, खाचरातलं मीठ गोळा केलं. माझे आजोबा टोपलीसकट पकडले गेले. आजी तशीच आगरातून धावत गेली आणि पुढच्याच पायऱ्या चढली. मागचं दार तिला त्या घाईत सुचलंच नाही. साहेब आरामखुर्चीत होता. तो आजीशी बोललाच नाही. त्यानं लादीवरच्या ठशांकडे बोट दाखवलं. कारकुनानं मराठीत सांगितलं, की आधी पूस. पुसायला काही दिलं नाही, म्हणून आजीनं पदरानं पुसलं, व्हरांड्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत, उलट सरकत. आत्या तेव्हा लहान होती. ती खाली उभी राहून बघत होती.

"तुझे आजोबा काही दिवसांनी सुटून आले," आत्या म्हणाली. "पन आईनं तो पदर परत कवा डोक्यावर घेतला नाय. फाडून टाकला."

तिच्या पिंपाचा अर्थ मला त्या दिवशी समजला. यानंतर मी तिला शाळेत ये असं म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्याच धड्याचा शेवटचा भाग शिकवत होतो. बाहेर शिपायाचा आवाज आला. तोही खाडीकडचाच. "मावशी, पान्याचं पिंप इकडं हाय."

"दिसतंय. एक डोला हाय अजून."

मी दाराशी गेलो. आत्या पुढच्या पायऱ्या चढून वर आली होती. काष्टा खोचलेला, घोट्यापर्यंत चिखल. थेट आगरातून आली होती. शिपाई माझ्याकडे बघत होता. जन्मभर दुसऱ्यांना पाय धुवायला लावणारी बाई व्हरांड्यातून सावकाश, एकेक पाऊल पूर्ण टेकवत वर्गात आली आणि मागच्या बाकावर बसली. मुलांनी तिला जागा करून दिली. मी धडा पुढे चालू केला.

तास संपला तेव्हा ठसे कडेनं वाळू लागले होते. प्रश्न विचारणारी तीच मुलगी ओलं फडकं घेऊन वाकली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आमच्या शाळेत मुलीच वर्ग साफ करायच्या. आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे गो. वालू दे."

जाताना तिनं मला एकच विचारलं, की त्या धड्यातल्या लोकांचं कवा सुटंल? मी सुटेल म्हणालो. ती त्याच पायऱ्यांनी खाली उतरली.

तिला वाचता येत नव्हतं. शेजारची मुलगी तिला पत्र वाचून दाखवायची. त्या आठवड्यात रोह्याहून मी हे पत्र पाठवलं:

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तू गेल्यावर वर्ग झाडला, पण तुझी वाट सोडून. दुसऱ्या दिवशी ठसे पांढरे शुभ्र झाले होते. काळ्या लादीवर दाराबाहेरूनही दिसत होते. मुलांना मी आजीची गोष्ट सांगितली. तू रागावू नकोस. त्यांनी विचारलं म्हणून सांगितली. मुलं ठशांच्या बाजूनं चालत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. शिपायानं मला विचारलं, की पुसू का? मी म्हटलं, नको. आता पोरांच्या येण्याजाण्यानं ते आपोआप पुसट झालेत. पदर कुणाचाच लागला नाही.

मी शिकलो ते तुझ्यामुळे. ते तुला आजवर तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या तोंडून सांगतोय. डोळ्याचं ऑपरेशन पावसाआधी करून घेऊ, तुझी सून दवाखान्यात बोलली आहे. मग पुन्हा ये. पिंप भरलेलं असतं. पाय धुवायचे की नाही ते तू ठरव.

तुझा,
बाला