पेरूवालीचं नाक

राहात्याच्या स्टँडबाहेर पेरू विकणाऱ्या त्या बाई प्रत्येक पेरू आधी नाकाशी न्यायच्या आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. "डोळं फसत्यात, नाक न्हाई," असं वर ऐकवायच्या. नोकरीवरून परतताना मी रोज त्यांच्या पाटीपाशी थांबायचो.

एकदा मी वाकून पेरू निवडत होतो, तर त्या एकदम म्हणाल्या, "सायेब, आत्ता कुटं पेरू खाऊन आलात का?"

"नाही हो. सकाळपासून नुसतं पाणी पितोय. तहानच भागत नाही."

"मग तोंडाला पिकल्या फळाचा वास कसा येतोय? पेरू ऱ्हाऊ द्या. आदी जाऊन साखर तपासा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आमच्या मालकांच्या तोंडाला आसाच वास यायचा. मला वाटायचं, पाटीतला पेरू खाल्ला आसंल."

पुढचं विचारायचं धाडस मला झालं नाही. तसाच दवाखान्यात गेलो. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. बायको उशाशी बसून एकच म्हणत होती, "मी रोज शेजारी असते, मला कसं कळलं नाही?"

बरा झाल्यावर हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं.

"रोजच्या मानसाचा वास घरच्याला कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "ताईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

दोन कच्चे पेरू हुंगून त्यांनी माझ्या पिशवीत टाकले आणि हळूच म्हणाल्या, "मी लई वर्सं लावून घेतलं."