बॉनेट उघडलं की

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आमच्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि माणसं गोळा झालीच. इंजिनातून कुठूनतरी किर्रर्र आवाज येतो, एवढंच मी बोललो होतो.

"बेल्ट गेला," तळमजल्यावरचे काका म्हणाले.

"छे हो, बेअरिंग!" त्यांच्या शेजाऱ्यांनी खोडून काढलं. तिसऱ्याने तर आत न डोकावताच निकाल दिला, "विकून टाका."

वाद चांगलाच रंगला. गाडी मी अजून सुरूसुद्धा केली नव्हती. किल्ली माझ्या खिशात होती!

वैतागून, बॉनेट तसंच उघडं टाकून मी वर आलो. आपल्याकडे दुखणं ऐकण्याआधीच इलाज तयार असतो. शिंक आली की काढा, पोरगी गप्प दिसली की स्थळ. घटकाभर कुणी कान देईल तर शपथ! हे सगळं मी तावातावाने बायकोला सांगितलं. कणीक मळता मळता तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझाही गुडघा हल्ली जिना उतरताना वाजतो."

"तिळाचं तेल चोळ," मी म्हणालो.

"कुठला गुडघा, ते तरी विचार."