सासूबाईंची लय

मारांगाच्या बोटांना न्यामारांबेच्या पंचक्रोशीत तोड नव्हती. गळा मात्र फुटक्या मडक्याचा. आणि ओबोकानोचं नुसत्या बोटांवर भागत नाही. कातडं ताणलेल्या मोठ्या वाडग्याचं, आठ तारांचं ते धूड छेडलं, की कुणीतरी गायलाच हवं. कुणाच्या बैलानं कुणाचा बैल लोळवला, कुणाच्या आज्यानं कुठली टेकडी राखली. नाहीतर ते नुसतंच घुमतं, रिकाम्या रांजणासारखं.

कितीतरी वर्षं त्याचा गाणारा म्हणजे मेहुणा ओंडिमू. दोघांना लग्नाकार्याला लांबलांबून बोलावणी यायची. मग ओंडिमू चर्चला जाऊ लागला. दारू सुटली, तंबाखू सुटली, आणि एक दिवस ओबोकानोही सुटला.

"दाजी, ते दारूच्या बैठकीचं वाद्य. माझा गळा आता देवाचा."

"आणि माझी बोटं काय सैतानाची?"

"ते तुम्हीच तपासा."

मारांगानं दुसरे गाणारे शोधले. एकाला चार ओळींपुढे आठवेना, दुसऱ्याला प्यायल्याशिवाय गाता येईना आणि प्यायल्यावर उभं राहता येईना. शेवटी चिडून एका लग्नात तो स्वतःच गायला. नवरीच्या आत्या पदरात तोंड खुपसून हसल्या, आणि कुणीतरी न विचारताच स्पीकर लावला. त्या दिवसापासून ओबोकानो भिंतीला टेकला तो टेकलाच.

अशात सासरे ओगेतो वारले. म्हाताऱ्याला या वाद्याचं वेड होतं. पण थोरला मुलगा ओंडिमू, सारा कारभार त्याच्या हाती. मांडव, भजनं, कर्णे, सगळं चर्चच्या पद्धतीनं ठरलं. पुरण्याच्या आदल्या दुपारी न्यांचेरा, मारांगाची बायको, माहेरच्या घरातून बाहेर आली.

"अहो, आई म्हणतेय, वाजवा."

"गाणार कोण? तुझा भाऊ?"

"आई."

मारांगा बघतच राहिला. त्यांच्या रिवाजात जावई आणि सासू एकमेकांपुढे येत नाहीत, थेट बोलत नाहीत. लग्नापासून त्यानं सासूबाईंचा चेहरा नीट पाहिला नव्हता. "आता मी कुणाकडे बघून ताल धरू? भिंतीकडे?"

"भिंतीकडेच धरा."

त्यानं घरून ओबोकानो मागवला. पावसानं कातडं सैलावलं होतं. त्यानं चुलीच्या धगीवर ते ताणून घेतलं, अंगणात खळगा करून त्यावर वाडगा टेकवला आणि तारा लावल्या. आतून सासूबाईंनी सुरुवात केली. आवाज म्हातारा, पण सुरेल. फक्त लय अशी, की दोन ओळींच्या मध्ये केळीचा घड पिकावा.

"आईला सांग, जरा उचला म्हणावं," तो न्यांचेराच्या कानात पुटपुटला.

ती आत जाऊन परत आली. "ती म्हणते, घाई आहे त्यांनी पुढे जावं."

"अगं, आणि सूर दोन बोटं खाली!"

पुन्हा आतबाहेर. "ती म्हणते, सूर तिचा आहे. तारा तुमच्या आहेत, त्या खाली आणा."

मारांगानं दात आवळले. आठही तारा खाली उतरवल्या. आत सासूबाई थांबल्या नव्हत्या. नवऱ्याच्या पहिल्या गाईपर्यंत पोचल्या होत्या. तो तारांवर धावतपळत त्यांच्या मागे गेला, चुकला, पुन्हा गेला. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुणावर? भिंतीवर?

हळूहळू त्याची बोटं वाट बघायला शिकली. अंगणातली कुजबुज थांबली. म्हातारी रडत नव्हती, नवऱ्याला दटावत होती: गाय विकताना मला विचारलंस का, शेत राखलंस पण कूड कधी लिंपलास का. बायका मान हलवत हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. ओंडिमू मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचे ओठ हलले, असं न्यांचेरानं नंतर शपथेवर सांगितलं. आवाज मात्र फुटला नाही. गाणं संपलं, तसा तो वळला आणि कर्ण्याची वायर जोडू लागला.

पंधरवडाभरात शेजारच्या गावातून बोलावणं आलं: ओबोकानो आणा, आणि गाणारी म्हातारीही आणा. मारांगानं आनंदानं न्यांचेराला माहेरी पाठवलं. ती संध्याकाळी परतली.

"नाही म्हणते. म्हणते, माझं एकच माणूस होतं, त्याला सांगायचं ते सांगून झालं."

"अगं, पण आता कुठे जमायला लागलं होतं आमचं!"

"तेही सांगितलं मी."

"मग?"

"म्हणाली, जावयाला म्हणावं, फार घाई करतात."

मारांगानं त्या गावाला निरोप धाडला, की येणं जमणार नाही, आणि ओबोकानो पुन्हा भिंतीला टेकवला.