आमचं बेचकी मंडळ आणि मोहनरावांचा नेम

किस्से कोणी गोळा करत नाही, ते पडतात. नारळाच्या सुक्या झावळ्यांसारखे. वाडीत आठवडाभर फिरकलं नाही की पायवाट बंद! आमच्या बेचकी मंडळाचे किस्से असेच साचलेत. आत्ताच उचलून बाजूला केले नाहीत तर मीच त्यात अडखळून पडेन, आणि या वयात पडणं परवडत नाही.

"काकी, या वयात बेचक्या?" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आत्ताच विचारून घ्या. हो, या वयात. शाळा मला सातवीपर्यंतच भेटली. पुढचं सगळं माझं मी शिकले. पेपर वाचायला, मोबाइल चालवायला, सुनेला गप्प करायला आणि बेचकी करायला. गुरू नाही, क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. लाकूड हातात घेतलं की ते सांगतं, बाई, मला इथे कापू नको.

मंडळ चौघांचं. मी, कामणला राहणारी माझी धाकटी जाऊ सुभद्रा, गिरीजचा पास्कू, ज्याच्या वाडीत आम्ही दर रविवारी जमतो, आणि तुळिंजला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे मोहनराव. आम्ही बेचक्या करतो, धनुष्यं करतो, ती रंगवतो, नटवतो. पाखरावर नेम धरणाऱ्याला मंडळात जागा नाही. एकाने धरला होता. त्याला मी वाडीच्या बाहेर काढला आणि त्याच्या चपला मागून फेकल्या. दोन्ही पाठीत बसल्या.

आम्ही मारतो ते मातीच्या वाळवलेल्या गोळ्यांनी, आणि मारतो ते एकाच गोष्टीला: नारळाच्या बुंध्यासमोर सुतळीने टांगलेला रंगाचा रिकामा डबा. सगळ्यांनी तो वाजवलाय. मोहनरावांनी नाही. कधीच नाही! आणि त्यांचा ब्लॉक विकायला निघाला होता, मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं होतं. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा डबा वाजावा, एवढीच माणसाची इच्छा.

* * *

मंडळ कसं सुरू झालं? भांडणातून. चांगल्या गोष्टी भांडणातूनच सुरू होतात.

मी पास्कूकडे केळी घ्यायला गेले होते. तो पेरूच्या छाटलेल्या फांद्या चुलीत सारत होता. त्यात एक फाटा दिसला. दोन्ही बाजू सारख्या, मधे अंगठा बसेल एवढं अंतर. देवाने सवडीने केलेली बेचकी!

मी ओरडले, "अरे, काय जाळतोस!"

"सरपण जाळतो, काकी."

"ही बेचकी आहे."

"माझ्या चुलीत हाय तोवर सरपण."

मी फडक्याने धरून ती बाहेर ओढली. एक टोक पेटलेलं होतं. तशीच विझवली, घासली, तेल लावलं, रबर बांधलं आणि पुढच्या रविवारी त्याच्यासमोर त्याच्याच शेवग्याची सुकी शेंग पाडली. पास्कूने शेंगेकडे बघितलं, बेचकीकडे बघितलं, मग बायकोला हाक मारली, "रोजी, आजपासून सरपण मला दाखवल्याशिवाय जाळायचं नाय!"

रोजीने त्या दिवसापासून गॅसच वापरला. ती म्हणते, "नवरा एकेक काटकी हातात घेऊन तिचं तोंड बघतो. भात कधी व्हायचा?"

* * *

आमच्यात नवी बेचकी झाली की बारसं असतं. नाव ठेवल्याशिवाय पहिली गोळी सोडायची नाही. ही माझी पद्धत. विचारू नका का. नाव नसलेल्या वस्तूला आपण कधी नीट सांभाळतो का?

एकदा बारसं माझ्या घरी होतं. नातीचा जुना पाळणा माळ्यावरून काढला, फुलांच्या माळा सोडल्या. सुभद्रा पाळणा म्हणत होती. दार उघडं. समोरच्या ब्लॉकमध्ये नुकतीच राहायला आलेली बाई आवाज ऐकून आली ती रिकाम्या हाताने नाही. पंधरा मिनिटांत कुठून तरी झबलं, टोपडं आणि खुळखुळा घेऊन आली! माणसं चांगली असतात हो.

आली, पाळण्यात वाकली. आत मऊ दुपट्यात पेरूची बेचकी.

बाई थांबली. पण संस्कार असे की तोंडावरचं हसू हललं नाही. तिने बेचकीला टोपडं घातलं. एका फाट्याला बसलं, दुसरा उघडा राहिला. मग हळूच विचारलं, "कोणावर गेलंय हो?"

पास्कू म्हणाला, "पेरूवर."

* * *

सुभद्राचा हात म्हणजे नटवणारा हात. मणी, आरसे, लेस, गोंडे. तिच्या हाताखालून गेलेली बेचकी ओळखू येत नाही. आधी मी बोलायचे नाही. मग एकदा तिने कळकाच्या धनुष्याला हात घातला.

चार महिने लागले. कमानीवर मोत्यांची जाळी, टोकांना मुंडावळ्या, मुठीला जरीचा काठ. दोरीलासुद्धा मणी ओवले! बघणाऱ्याचं तोंड उघडं राहावं असं धनुष्य. पास्कूने आनंदाने उचललं, बाण लावला आणि दोरीला बोट लावलं.

सुभद्रा किंचाळली, "ओढू नको! मोती सुटतील!"

"मग बाण कसा सोडू?"

"सोडायचा कशाला?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "सुभद्रे, न ओढायचं धनुष्य म्हणजे न चढवायचा तवा. काय कामाचं?"

तिने धनुष्य पास्कूच्या हातातून काढून घेतलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "बाय, नवरीला कोन कुस्तीला उभी करतं?"

ते धनुष्य आज तिच्या शोकेसमध्ये आहे. टीव्ही बाहेर टेबलावर आहे.

* * *

आता हा किस्सा माझा. दुसऱ्या कोणी सांगितला असता तर मी त्याला बघून घेतलं असतं.

चांगल्या बेचकीचा जीव रबरात. सायकलची जुनी ट्यूब चालते, पण खरी मजा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पिवळ्या रबरी नळीत. मी तुळिंजच्या एका मेडिकलमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, पेशंटला काय झालंय?"

"पेशंट नाही. ताण बघायचाय."

"ताण आला असेल तर डॉक्टरांना दाखवा."

असल्या माणसाशी काय बोलायचं? मी नळीचं एक टोक दातात धरलं आणि दुसरं दोन्ही हातांनी खेचलं. खेचलं ते चांगलं हातभर. रबर उत्तम होतं. वाईट एवढंच की दात माझे नव्हते.

कवळी सुटली! माझ्या तोंडातून निघाली, काउंटरवरून गेली आणि औषधं मोजायच्या वजनकाट्यावर जाऊन बसली. काट्यावर आकडे लागले. दुकानात मागे सहा गिऱ्हाइकं. कोणी हसलं नाही. सगळ्यांना एकदमच मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं.

दुकानदाराने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "आजी, नळीबरोबर हीपण पॅक करू?"

मी दोन मीटर घेतली. रबर खरंच उत्तम होतं.

* * *

पास्कूचा स्वभाव माझ्यासारखाच. कामाचा अपमान सहन करत नाही.

जवळच्या एका मंडळाने नाटक बसवलं होतं, सीतास्वयंवर. त्यांची माणसं धनुष्य मागायला वाडीत आली. म्हणाली, "पास्कूभाऊ, मोडणारं धनुष्य पाहिजे."

पास्कूचे कान लाल झाले. "मी केलेलं धनुष्य मोडणार?"

"अहो, रामाने मोडायचंय."

"कोनीपण मोडू दे! मोडणारं पायजे तर बाजारातून आना. इथे मोडणारी वस्तू बनत नाय."

माणसं गयावया करायला लागली. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि आतून धनुष्य आणून दिलं. आम्ही सगळे नाटकाला पुढच्या रांगेत.

आला राम. उचललं धनुष्य. टाळ्या! वाकवलं. वाकलं. अजून वाकवलं. अजून वाकलं. सोडलं की सरळ. रामाने गुडघ्यावर घेतलं, मग पायाखाली घेतलं. पेटीवाला तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवून थकला. जनकराजा आसनावरून उठून एका टोकाला लटकला. लक्ष्मण दुसऱ्या टोकाला. रावण मघाशीच हरून विंगेत गेला होता, तोही मदतीला परत आला!

माझ्या शेजारी पास्कू छाती काढून बसलेला. रोजीला सांगतोय, "बघ. बघ कसं हाय."

शेवटी सीता हार घेऊन पुढे झाली. तो रामाच्या गळ्यात टाकला आणि माइक चालू होता म्हणून सगळ्या मैदानाने ऐकलं, "राहू दे आता. घरी गेल्यावर मोडू."

* * *

आता मोहनराव.

मोहनरावांनी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. त्यांची बेचकी बघावी. दोन्ही फाटे केसाएवढे सारखे. रबराचे पट्टे पट्टी लावून कापलेले. कोन मापतात, वारा बघतात, चष्मा पुसतात, श्वास धरतात. नेम धरायला एवढा वेळ लावतात की तेवढ्यात रोजीचा चहा होऊन गार होतो. मग सोडतात. आणि डबा सोडून काहीही लागतं!

मी रविवारी वाल सोलायला डब्याखालीच बसायचे. मोहनराव उभे असले की अख्ख्या वाडीत तेवढीच सुरक्षित जागा.

एकदा त्यांची गोळी डब्याच्या डावीकडून गेली, केळीच्या पानावर आपटली, वळली आणि पंपाच्या खोलीत घुसली. आणि पंप सुरू झाला! गोळी नेमकी बटणावर बसली होती. पाटाने पाणी धावायला लागलं. असा नेम देवालाही जमायचा नाही.

पास्कू म्हणाला, "सायेब, आता बंदपन तुमीच करा."

मोहनरावांनी ते मनावर घेतलं. कोन मापला, वारा बघितला. बंद करायचा प्रयत्न संध्याकाळपर्यंत चालला. मिरच्यांच्या वाफ्यात पाणी भरलं, अळूत भरलं, शेजाऱ्याच्या वाडीत गेलं. शेजारी आला तो आभार मानायला.

सगळे हसले. मोहनराव हसले नाहीत. बेचकी पिशवीत ठेवताना मला हळूच म्हणाले, "काकी, हे सगळं नको होतं हो. तेवढा डबा हवा होता."

* * *

त्यांचा ब्लॉक विकला गेला. सामान बांधलं. शेवटचा रविवार आला.

मी आदल्या दिवशीच पास्कूला आणि सुभद्राला फोन करून बजावलं होतं, "उद्या लबाडी नाही. वाजला तर वाजला. भिकेचा डबा त्या माणसाला द्यायचा नाही!" दोघांनीही "हो काकी", "हो बाय" म्हटलं.

रविवारी मोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. रेघेवर उभे राहिले. सुभद्रा म्हणाली, तिला केळफूल बघायचंय, आणि केळीत गेली. पास्कू म्हणाला, पंपाच्या खोलीचं छप्पर गळतं, आणि वर चढला. मी म्हटलं, पाय धुऊन येते, आणि टाकीच्या मागे गेले.

टाकीमागे मी कमरेची बेचकी काढली. हो, मीच! बजावलं होतं ते त्यांना, मला नव्हतं. ठरवलं, त्यांनी सोडली की त्याच क्षणी आपणही सोडायची. आवाज एकच येईल.

मोहनरावांनी कोन मापला. वारा बघितला. चष्मा पुसला. रबर ताणलं. मीही ताणलं. त्यांनी श्वास धरला. मीही धरला. ते काही सोडेनात! माझा दंड थरथरायला लागला, बोटं बधिर झाली, आणि काय सांगू, गोळी सुटली.

टण्!

त्या आवाजाने दचकून केळीतून दुसरी सुटली. टण्! छपरावरून तिसरी. टण्! सुतळी तुटली, डबा खाली पडला आणि गडगडत अळूत गेला.

मोहनरावांच्या शेजारी रोजी चहाचा ट्रे घेऊन उभी, तिचं तोंड उघडं. आणि मोहनराव तसेच. हात ताणलेला. गोळी चामड्यात. एक डोळा मिटलेला.

मान न वळवता ते म्हणाले, "शांत राहा जरा. मी अजून सोडलेली नाही."

आणि सोडली.

गोळी सूं करत सरळ गेली आणि नारळाच्या बुंध्यावर फुटली. मातीचा वाटोळा डाग पडला. डबा जिथे लटकत होता, बरोबर त्याच्या मागे.

मी टाकीमागून बाहेर आले. केळीतून सुभद्रा, शिडीवरून पास्कू. तिघांच्याही हातात बेचक्या, लपवायचं कोणाला सुचलं नाही. मोहनरावांनी आमच्या हातांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "काकी, तुम्ही तोंडावर खरं बोलता. सांगा. कुठून गेली?"

मी बुंध्यापाशी गेले. डागावर हात ठेवला.

"डबा होता तिथून."

"मधोमध?"

"मधोमध."

मोहनरावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला.

"मग डब्याने थांबायला नको होतं का?"