सिसिलीची वाइन, सावजी रस्सा

गुरुनाथ पराते हा परदेशात, क्लोनडॉकिनला, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस नागपूरचा. ऑफिसच्या पार्टीतही तो संत्र्याचा रस घेऊन उभा राही. पण त्या आठवड्यात त्याने नेरो दाव्होला या वाइनची बाटली घरी आणली, कारण रेवती येणार होती.

रेवती त्याची बायको. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती नागपूरला गेली. ती एकुलती एक मुलगी. तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. आता वडिलांना आत्याकडे सोपवून ती पंधरा दिवसांसाठी येत होती. "परतीचं तिकीट रद्द कर, बाबांसाठी आपण चांगली बाई ठेवू," असं तो फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता. ती म्हणायची, "आल्यावर बोलू."

ही वाइन त्यांनी सिसिलीत प्यायली होती, ती नागपूरला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. जांभळासारखी गर्द, जीभ धरून ठेवणारी. सोबत मंद आचेवर शिजवलेलं कोकरू, मेंढीचं जुनं खारट चीज आणि आंबटगोड वांगी. "ही तर आपल्या भरताची सासरी गेलेली बहीण," रेवती म्हणाली होती, आणि मग बराच वेळ उगाचच हसत राहिली होती. फोनवर ती तशी कधी हसली नाही. गुरुनाथला ते हसू परत हवं होतं.

बाटलीच्या मागे लिहिलं होतं: कोकराचं मटण, वांगी, जुनं चीज. मटण म्हटल्यावर गुरुनाथला सावजीशिवाय दुसरं काय सुचणार? त्याची आई सावजी भोजनालयात मसाला वाटायची. रेवती शनिवारी आली, आणि रविवारी सकाळी त्याने मसाला असा भाजला की शेजारच्या ब्रेंडनने कुंपणावरून विचारलं, "सगळं ग्रँड आहे ना रे? की अग्निशमन दल बोलावू?"

दुपारी दोघं जेवायला बसली. पहिल्याच घासाला रेवतीचे डोळे भरून आले.

"अरे बाप्पा! मारून टाकता का मला?"

घाईघाईत तिने वाइनचा मोठा घोट घेतला. वाइनने तिखट विझवलं नाही, पेटवलं. गुरुनाथनेही पिऊन पाहिली. सिसिलीतली ती गोल, भरलेली चव कुठेच नव्हती. नुसता कडवट जाळ.

"तू तर तर्री वाटीने पिणारी पोट्टी होतीस," तो म्हणाला.

"होती. आता बाबांचंच अन्न खाते. त्यांना तिखट गिळवत नाही. एकटीसाठी वेगळं कोण शिजवून राहिलं?"

ती उठली. किटलीतलं गरम पाणी चाळणीतल्या मटणावर ओतून तिने रस्सा धुऊन काढला. मग बोलता बोलता एकेक तुकडा बोटांनी दाबून पाहिला, बारीक तंतू सोडवले आणि त्याच्या ताटात ठेवले.

"हाड नाही त्यात. खा सावकाश."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, हे ती रोज बाबांना म्हणते. हात तिने पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला.

गुरुनाथने तो घास खाल्ला आणि वर वाइन घेतली. आता ती जुळली. मऊ मटणाला तिने अलगद आपल्यात घेतलं, मसाल्याचा मागे उरलेला वासही सुखावह वाटला. समोर रेवती घड्याळाकडे पाहत होती. नागपुरात आता संध्याकाळ.

"चहा पाजला असेल ना आत्यानं?" तो म्हणाला.

"चमच्यानं पाजावा लागते. तिला घाई असते."

त्याने ग्लास खाली ठेवला.

"तिकीट राहू दे, रेवती. रद्द करू नको."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी आजच सांगणार होती, परत जाते म्हणून. तुम्ही एवढं रांधलं, मग तोंडच उघडेना."

"दिवाळीला मी येतो."

"या जी." तिने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. "आज मात्र हळू जेवू."