विकत काही आणायचं नाही: रत्नागिरीतला नाताळ

पंधरा दिवसांसाठी म्हणून माझ्या धाकट्या बहिणीकडे, रूथकडे, रत्नागिरीला गेलेली आमची आई डिसेंबर संपत आला तरी परतायचं नाव काढेना, तेव्हा तिला आणायला मी स्वतःच निघाले. साल पंच्याऐंशी. नाताळ माझ्या भायखळ्याच्या घरी आणि आई माझ्या शेजारी, असं बारा वर्षं चालत आलं होतं. आता पत्रात आईचं एकच वाक्य होतं, ‘यंदा इथेच करू म्हणते.’ माझा तिळपापड झाला.

मुंबई सेंट्रलहून सकाळची पहिली एसटी पकडली. बरोबर फॉरेनचं प्लास्टिकचं झाड, बेकरीतला केक, आईला भारी शाल आणि रूथच्या घराला पडदे. म्हटलं, नाताळ म्हणजे काय ते बघू दे तिला. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. तुम्ही आता आरामात जाल, पण कशेडीचा घाट चुकवाल. मांडीवर केकचा डबा धरून बसलेल्या मला तो चुकला असता तर बरंच वाटलं असतं. संगमेश्वरला गाडी थांबली. तिथला बटाटेवडा आणि चहा स्वस्त होता आणि फर्मास होता. हातखंब्याला वळून रत्नागिरीत उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आई अंगणात पाटावर बसून बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून नाताळची चांदणी करत होती. माझ्याकडे तिला गुडघ्यांमुळे मी खुर्चीतून उठूही देत नसे. मला पाहून म्हणाली, “आलीस? हे टोक धर जरा.” चांदणी तयार होईपर्यंत मी कशी आहे हे तिने विचारलं नाही.

रूथचा नवरा शाळामास्तर, पगार बेताचा. म्हणून त्यांच्या घरी एक रीत होती. भेट विकत आणायची नाही. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी स्वतः काहीतरी करायचं. माझं झाड रूथने हसून कोपऱ्यात ठेवलं. त्यांचं झाड म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावर पडलेली सुरूची फांदी, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात जांभ्याचे तुकडे घालून उभी केलेली. दिसत होती सुंदर, हे लिहिताना आजही जिवावर येतं.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला सकाळी चिठ्ठ्या उचलल्या. मला आईचं नाव आलं. मला वाटलं, देवानेच बाजू घेतली. पण करणार काय? विणकाम येत नव्हतं आणि स्वयंपाकाला घरी बाई होती. तेवढ्यात शेजारच्या माई सोललेले नारळ घेऊन करंज्यांना आल्या. “मोठी लेक ना गो तू? तुझ्या आईवाचून आमचं हल्ली पान हलत नाही हो.” मी हसले. आतून नुसती जळत होते. माझ्या बिल्डिंगमध्ये आईचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

माई गेल्यावर मी सरळ आईलाच विचारलं, तुला काय हवंय, सांग, मी करीन.

तिने करंजीचं कातणं खाली ठेवलं. “मला परत नेऊ नकोस, एवढं कर. तुझ्याकडे काही कमी नाही, बाळ. पण मला कामही नाही.”

बरं, म्हटलं. 

नाताळच्या उपासनेत मास्तरांनी पेटी धरली आणि आई मोठ्याने गायली. माझ्या घरी ती कधी गायल्याचं मला आठवेना. दुपारी कोंबडी-वडे, सोलकढी, आणि मग प्रत्येकाने आपली भेट सांगायची. मास्तरांच्या चिठ्ठीत माईंचं नाव निघालं होतं, त्यांनी माईंच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करून दिला होता. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं, आई इथेच राहणार. रूथने मला मिठी मारली. मी तिला मिठी मारली नाही.

परतीची दोन तिकिटं आधीच काढलेली होती. शेजारच्या सीटवर पनवेलपर्यंत माझी पिशवी बसून आली. घरी मुलांनी विचारलं, आजी कुठेय? मी म्हटलं, सुट्टीवर आहे.

असा नाताळ तुम्हाला करायचा असेल तर जरूर करा. खळ, कागद आणि एक सबंध दिवस, एवढंच लागतं. पुढच्या वर्षापासून मीही खरेदी बंद केली आणि काही अडलं नाही. रूथचा हेवा मात्र गेला नाही. आई सहा वर्षं तिच्याकडेच राहिली आणि तिथेच वारली. बारा वर्षं तिला मी नाही नाही ते विकत घेऊन दिलं, त्यातलं काही आठवतही नाही. विकत न घेतलेली ती एकच भेट, आणि तीच परत मागावीशी वाटते.